विजयदुर्ग १७५६ : तट शाबूत होते, हुकूम कोणाचा होता?

वाघोटन (धागाकर्ता)

विजयदुर्गाचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन जागी जाऊन अडते. एक तर तिपदरी तटबंदी आणि बुरुजांची मोजदाद, नाहीतर "पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून मराठ्यांचंच आरमार जाळलं" हा वाद. पहिल्यात भांडण्यासारखं काही नाही आणि दुसऱ्यात लोक एकमेकांची जात काढेपर्यंत जातात. हा धागा दोन्हींसाठी नाही. लढाईच्या दिवसांत हा तळ चालायचा कसा, जहाजं, गोदी, धान्य, लाकूड, दारूगोळा आणि माणसं यांवर हुकूम कोणाचा असायचा, आणि १७५६ येईपर्यंत तो हुकूम कसा फाटत गेला, यावर मला लिहायचं आहे.

आधी जागा. वाघोटनची खाडी समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर किल्ला. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जमीन, तिथे पूर्वी खंदक होता. खाडी आत थेट खारेपाटणपर्यंत जाते, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याकडे. नकाशात किल्ला समुद्राकडे तोंड करून बसलेला दिसतो, पण त्याचं पोट भरत होतं ते पाठीमागून. घाटाखालचं सागवान, भात, काथ्या, नारळ, सगळं खाडीने खाली उतरायचं. किल्ल्यापासून थोडं आत, गिर्ये गावाच्या हद्दीत, खडक फोडून काढलेली गोदी आहे, शंभर मीटरपेक्षा जास्त लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बूड उघडं. मग खरवडणं, फळ्या बदलणं, सांधे भरणं, लेप देणं. लाकडी जहाजाला हे दरवर्षी लागतं. न केल्यास किडे बूड पोखरतात.

आता जहाजं. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, उतरती, नाळेवर सरळ समोर डागायच्या तोफा. गलबत त्याहून पुष्कळ लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, वेगाला फार हलकं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत न्यायची आणि परक्या जहाजाच्या पिछाडीला आणून उभी करायची, कारण बड्या जहाजाच्या तोफा बाजूंना असतात, मागे मोजक्याच. डोलकाठ्या, शिडं, दोर तोडून जहाज पांगळं करायचं आणि मग गलबतांतून माणसं वर चढवायची. कागदावर बलाढ्य असलेली युरोपीय जहाजं आंगऱ्यांच्या हाती लागली ती अशी.

पण ही पद्धत किनाऱ्याला बांधलेली आहे. चाळीस वल्ही मारणाऱ्या माणसांचं पिण्याचं पाणी त्या गलबतात किती मावणार? दोन-चार दिवसांनी बंदर गाठावंच लागतं. इंग्रजी जहाज तळावाचून महिनोन्महिने राहू शकत होतं, आंगऱ्यांचं आरमार राहू शकत नव्हतं. म्हणून विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा, खांदेरी ही ठाणी म्हणजे आरमाराचा अर्धा भाग आहे, असं माझं मत. उरलेला अर्धा भाग पाण्यावर.

या दोन्ही अर्ध्यांवर एकाच माणसाचा हुकूम चालला तो काळ कान्होजी आंगऱ्यांचा. बाळाजी विश्वनाथाने शाहू महाराजांच्या वतीने त्यांच्याशी जो करार केला, त्यात सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, हे पद होतंच, शिवाय दहा किल्ले आणि त्याहून लहान सोळा ठाणी होती. ही सोळा ठाणी बहुतेक लोक विसरतात. त्यांतली कितीतरी जमिनीवरची, म्हणजे भात पिकवणारी, लाकूड देणारी, वाटा राखणारी. ज्याच्याकडे आरमार त्याच्याकडेच आरमाराची पाठ.

याचा फायदा दिसला. १७२० मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर 'फ्राम' नावाची तरती तोफांची मांडणी आणली, तरी किल्ल्याला धक्का लागला नाही. १७२४ मध्ये डच आले आणि परत गेले. १७२१ च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर, म्हणजे अलिबागवर चालून गेले. समुद्रात कमोडोर मॅथ्यूजचं आरमार, जमिनीवर खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय. त्या वेळी किल्ला वाचला तो केवळ तोफांनी नाही. पिलाजी जाधवरावांचं घोडदळ पोचलं, पाठोपाठ बाजीराव आले, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून तह केला. समुद्रावरचा तळ जमिनीच्या बाजूने राखला गेला.

आता फेब्रुवारी १७५६. तोच किल्ला, खाडी तीच, गोदी तीच. इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार समोर आलं तेव्हा जमिनीच्या बाजूला मराठ्यांचीच फौज होती, फक्त या खेपेला ती किल्ला घ्यायला आली होती. तीस-पस्तीस वर्षांत तटाचा एक दगड हलला नव्हता. पाठ फिरली होती.

मधल्या पायऱ्या थोडक्यात. १७२९ ला कान्होजी गेले, चार वर्षांत त्यांचे थोरले पुत्र सेखोजी गेले. संभाजी आणि मानाजी या सेखोजींच्या भावांचा तंटा सोडवताना १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी केली. कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग आणि सरखेली संभाजीकडे. पुण्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निवाडा, आरमाराच्या दृष्टीने किनारा मधोमध चिरला. संभाजीनंतर तुळाजी आला. माणूस कर्तबगार. १७४५ मध्ये त्याने सिद्दीकडून अंजनवेल घेतलं. पण शाहू महाराज १७४९ मध्ये गेले आणि तुळाजीला वरून हुकूम देऊ शकेल, आणि जो तो मानेल, असा कोणी उरला नाही. पुण्याला तो जुमानत नव्हता. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांचे कोकणातले कारभारी रामाजी महादेव बिवलकर यांच्या मार्फत पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा तह झाला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्ग.

माझा प्रश्न असा: विजयदुर्ग नक्की कधी पडला? १३ फेब्रुवारी १७५६ ला निशाण उतरलं हे ठाऊक आहे. माझ्या मते तो आधीच पडला होता, ज्या दिवशी खाडीची वरची बाजू एकाच्या आणि तोंड दुसऱ्याच्या हाती गेलं त्या दिवशी. तुम्हाला काय वाटतं?

देवगडी

धागा आवडला, वाचनखूण साठवली. गोदीबद्दल थोडी भर. बघायला जाणाऱ्यांनी पूर्ण ओहोटी गाठावी. भरतीला नुसता खाडीचा एक कोपरा दिसतो आणि माणूस हेच बघायला आलो का म्हणून परत फिरतो. पाणी उतरलं की खडकाची तासलेली बाजू दिसते. चिखल बराच साचलाय. उभं राहिल्यावर एक गोष्ट लगेच कळते. समुद्रावरून ही जागा दिसतच नाही. बाहेर उभ्या असलेल्या जहाजाला आत काय बांधलं जातंय, किती डोलकाठ्या उभ्या आहेत, याचा पत्ता लागत नाही, आणि तिथपर्यंत यायचं तर किल्ल्याच्या तोफांखालून यावं लागतं. १७५६ मध्ये इंग्रजांना इथे दोन मोठी जहाजं अर्धवट बांधलेली सापडली.

आणि गिर्ये गावच्या रामेश्वराच्या देवळाशी संभाजी आंगऱ्यांची समाधी आहे. लोक किल्ला बघून तसेच गाडीत बसतात, कृपया तिकडेही वळा.

मोडीलिपी

चांगला विषय. यात आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभारावरचा तो जुना मराठी ग्रंथ, आणल्याशिवाय चालणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलंय हे सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचा मजकूर कमी लोक वाचतात आणि खरी गोम तिथे आहे, कारण तो तळ चालवणाऱ्याने लिहिल्यासारखा आहे. माझ्या शब्दांत सांगते.

पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा करावा आणि सगळ्या सुभ्यांवर एक सरसुभा असावा, सगळ्यांनी त्याच्या आज्ञेत वागावं. आरमाराचा खर्च मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदराच्या जकातीवर टाकू नये. खलाशांचा पगार बंदराच्या उत्पन्नावर ठेवला तर ते व्यापाऱ्याला नाडतील, व्यापारी यायचा बंद होईल आणि बंदर बुडेल. पावसाळ्यात जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याने ठेवावीत, पण दर वर्षी एकाच ठिकाणी नाही, म्हणजे एकाच मुलखावर आरमाराच्या माणसांचा भार पडत नाही. वारा उलटला, जहाजं सापडण्याची वेळ आली, तर हट्ट न धरता किल्ल्याच्या आधाराला यावं. लाकडाबद्दल तर सगळ्यांना ठाऊक आहे: रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, एखादं जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, जोर करू नये. लेकरासारखी वाढवलेली झाडं तोडली तर त्या दुःखाला पार नाही.

आता हे नियम विजयदुर्गाच्या १७५० नंतरच्या स्थितीशेजारी ठेवून बघा. सरसुभा एक नाही. मुलूख तुटलेला, म्हणून खर्च दस्तकांवर, म्हणजे व्यापारी जहाजांना विकलेल्या परवान्यांवर, आणि पकडलेल्या जहाजांवर. पाच-पाच गुराबांचे सुभे वेगवेगळ्या बंदरांत विखुरण्याऐवजी जवळजवळ सगळं आरमार एका किल्ल्याखाली. अमात्यांनी जे करू नका म्हटलं ते एकेक करून झालं. त्यामुळे "तळ कधी पडला" याला माझं उत्तर तुमच्याहून आणखी मागे जातं, १७३५ च्या वाटणीपर्यंत.

आडबाजू

माफ करा, पण या धाग्यात तुळाजीला फारच सांभाळून घेतलं जातंय.

हुकूम फाटला म्हणता, पण फाडला कोणी? सरखेल हा छत्रपतींचा नोकर. पद वंशपरंपरा मिळालं म्हणून तो स्वतंत्र राजा होत नाही. पुण्याचं ऐकायचं नाही, प्रतिनिधी आणि बावडेकर अमात्य या मराठी राज्यातल्याच मानकऱ्यांच्या मुलखाला उपद्रव द्यायचा, स्वराज्यातल्याच लोकांची जहाजं धरायची, आणि मग फौज आली की "पाठ फिरली" म्हणायचं. कुठलंही सरकार असा तळ किती दिवस सहन करेल? कुलाब्याच्या मानाजीने पुण्याशी जमवून घेतलं, त्याचा तळ राहिला. तुळाजीने घेतलं नाही.

दुसरं म्हणजे, लढाईत तुळाजीचं आरमार करत काय होतं? इंग्रज येणार हे महिनोन्महिने माहीत होतं. सुवर्णदुर्ग आदल्या एप्रिलमध्येच गेलेला. पावसाळा संपल्यावर जेम्स येऊन विजयदुर्गासमोर खोली मोजून गेला आणि बडी जहाजं जवळ आणता येतात हे सांगून गेला. एवढं कळूनही सगळी गुराबं-गलबतं किल्ल्याखाली एकमेकांना बांधून ठेवली. एक गोळा पडला आणि सगळी जळाली. हा हुकमाचा प्रश्न असेल तर तो तुळाजीच्याच हुकमाचा आहे.

वाघोटन

आडबाजू, तुळाजीच्या वागण्याबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. त्याला आवरणं पुण्याला भागच होतं. माझा आक्षेप आवरण्याच्या रीतीला आहे, आणि तो भावनेचा नसून तहातल्या कलमांचा आहे. १७५५ च्या तहात समुद्रावरची सगळी हालचाल इंग्रजांच्या हुकमाने व्हावी असं ठरलं. पेशव्यांचं आरमार सोबत जायचं, पण स्वतःच्या बुद्धीने काही करायचं नाही. किल्ले मात्र पेशव्यांना मिळायचे, बाणकोट आणि त्याखालची काही गावं इंग्रजांना. म्हणजे जमिनीचा हुकूम रामाजीपंतांचा, पाण्याचा हुकूम मुंबईच्या गव्हर्नराचा. मी धाग्यात आंगऱ्यांच्या बाजूचा फाटलेला हुकूम सांगितला, पण हल्ला करणाऱ्यांच्या बाजूलाही तो तितकाच फाटलेला होता. फरक इतकाच की इंग्रजांना ते कळत होतं.

शेवटचे दोन दिवस बघा. तुळाजी मेव्हण्याकडे किल्ला सोपवून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. खंडोजी मानकर वगैरे पेशव्यांचे सरदार किल्ला आपसात ताब्यात घेण्याच्या खटपटीत, आणि तहाप्रमाणे तो पेशव्यांचाच व्हायचा होता. वॉटसनला हे कळल्यावर त्याने घाई केली. १२ फेब्रुवारीला दुपारी त्याची जहाजं दोन रांगांनी खाडीत शिरली आणि किल्ल्याच्या उत्तर अंगाला तोफा लावून उभी राहिली. आंगऱ्यांनी काही वर्षांपूर्वी धरलेलं 'रेस्टोरेशन' जहाज पेटलं आणि आग एकातून दुसऱ्यात गेली. रात्री क्लाइव्ह फौज घेऊन जमिनीवर उतरला तो कुठे? किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध. शत्रूवर नजर ठेवायला कमी आणि मित्राला अडवायला जास्त. मुंबईतून निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी आपसात ठरवली होती आणि तीत मराठ्यांचा हिस्सा नव्हता. किल्ल्यात दहा लाखांच्या आसपास रोकड मिळाली ती अशीच गेली.

किल्ला पेशव्यांना परत मिळायला ऑक्टोबर उजाडला, तोही नवीन तह करून. तळ मिळाला, पण त्यातली जहाजं राख झाली होती. पुण्याला तुळाजी नको होता हे मान्य. पण आरमार हवं होतं की नको? हवं होतं, तर ज्याला ते कधीच नको होतं त्याच्या हाती पाण्याचा हुकूम द्यायला नको होता.

प्राजक्ता_र

खूप माहितीपूर्ण चर्चा. एक शंका. किल्ल्यावर गाईडकाका पाण्याखालच्या भिंतीबद्दल सांगतात, की ती आदळून शत्रूची जहाजं फुटायची. वॉटसनची जहाजं मग आत कशी आली?

देवगडी

प्राजक्ताताई, समुद्रात किल्ल्याच्या पश्चिमेला शंभर मीटरच्या वर लांबीचा दगडी बांध आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तो पाहिलाय. आमच्याकडे लहानपणापासून त्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात आणि अभिमानही आहे. पण १७५६ च्या बाबतीत उत्तर साधं आहे. जहाजं पश्चिमेकडून तटावर चालून आलीच नाहीत, खाडीच्या तोंडातून उत्तरेच्या बाजूला शिरली. जेम्स आधी खोली मोजून गेला होता ती त्याचसाठी. खाडी खोल आहे म्हणून इथे तळ झाला, आणि खोल आहे म्हणूनच बडं जहाजही आत येऊ शकलं.

जुना_सारंग

नौदलातून निवृत्त झालेला माणूस म्हणून थोडं लिहितो.

आमच्याकडे किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखं नाव असतं. मुंबईत आयएनएस आंग्रे आहे, १९५१ पासून या नावाने. इमारतीत राहून, डांबरी रस्त्यावरून चालत गेटबाहेर पडतानाही आम्ही "अशोर", म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर, जातो असं म्हणायचो. नव्या पोरांना याचं हसू येतं, पण त्यामागे विचार आहे. तळावरचा कारकून, स्टोअरकीपर, मेकॅनिक हा सगळा लढणाऱ्या जहाजाचाच भाग आहे, त्याला तसं वाटलं पाहिजे.

हुकमाचं सांगायचं तर, धक्क्याला लागलेल्या जहाजाचा लढाईचा हुकूम फ्लीट कमांडरचा. गोदी वेगळ्या अॅडमिरलकडे. तेल, दारूगोळा, रसद, बंदराची राखण यांची माणसं आणखी वेगळी. या सगळ्यांची रोज कुरबुर चालते, ती चालणारच. गोदीवाल्याला जहाज आणखी दहा दिवस हवं असतं, फ्लीटला ते उद्या समुद्रात हवं असतं. पण ही कुरबुर मिटवणारा एक माणूस वर बसलेला असतो, पश्चिम कमांडचा फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ. त्याच्याकडे पाणीही आहे आणि किनाराही. १९७१ मध्ये तिथे व्हाइस अॅडमिरल कोहली होते आणि पश्चिम फ्लीट त्यांच्या हाताखाली रिअर अॅडमिरल कुरुविला यांच्याकडे होता.

१९७१ च्याच युद्धातलं गुजरातेतल्या ओख्याचं उदाहरण बघा. क्षेपणास्त्र बोटी लहान, पल्ला कमी, खुल्या समुद्रात फार दिवस राहण्यासाठी त्या बनलेल्याच नव्हत्या. वाघोटन यांनी गलबतांबद्दल लिहिलंय तीच अडचण. म्हणून कराचीच्या दिशेला ओखा हा पुढचा तळ. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर पहिला हल्ला झाला. मग पाकिस्तानी विमानांनी ओख्यावर बॉम्ब टाकले, तेलाचा साठा पेटला. बोटी हाती लागल्या नाहीत, म्हणून बोटींचं तेल जाळलं. शत्रूला बरोबर कळलेलं असतं की लहान बोट मारायची तर तिचा तळ मारा. तरी ८ डिसेंबरच्या रात्री कराचीवर दुसरा हल्ला झालाच, कारण तळ एक आणि हुकूम एक असला तरी सोय एकाच जागी कोंबलेली नव्हती. अमात्यांचा पावसाळी छावणीचा नियम वाचून मला हेच आठवलं. मोडीलिपीताई, आम्हाला प्रशिक्षणात हे तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदातून शिकवलं असतं तर फार आवडलं असतं.

आडबाजू

सारंगकाका, प्रतिसाद फार आवडला. पण माझा जहाजं बांधून ठेवण्याचा मुद्दा कोणी घेतला नाही. तुम्हीच सांगा, तुम्ही तुळाजीच्या जागी असता तर?

जुना_सारंग

समोर साठ-सत्तर तोफांची जहाजं आहेत, फेब्रुवारी महिना आहे, समुद्र शांत आहे. गुराबं घेऊन बाहेर पडून सरळ भिडायला मी सांगितलं नसतं. एका बाजूच्या एकाच भडिमारात गुराब फुटतं.

पण बांधून ठेवायलाही सांगितलं नसतं. जेम्स १७५५ च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्गाला आला तेव्हाचं वर्णन बघा. तुळाजीची जहाजं त्याला बघून दक्षिणेकडे निघाली. वजन कमी करायला हाताला लागेल ते समुद्रात फेकलं, शिडं होती तेवढी चढवलीच, वर अंगावरचे कपडे, गोधड्या आणि डोक्यावरची पागोटी सोडून वाऱ्याला ताणून धरली. आणि निसटली! जेम्सला पाठलाग सोडावा लागला. हेच या आरमाराचं बळ. निसटायचं, दुसऱ्या बंदरात शिरायचं, आठ दिवसांनी पुन्हा पाठीवर यायचं. त्या आरमाराला बंदरात दावणीला बांधणं म्हणजे बळ काढून घेणं.

मग बांधलं का? माझा अंदाज असा की निसटून जायला दुसरं बंदरच उरलं नव्हतं. सुवर्णदुर्ग गेलेला, दाभोळच्या खाडीवरचं अंजनवेल आणि गोवळकोट गेलेलं, कुलाबा भावकीतल्या शत्रूकडे. निसटायला आठ-दहा दारं लागतात. एकच दार उरलं की माणूस त्याच्या आत सगळं गोळा करून बसतो. चूक तुळाजीची होती, पण ती करायला लावणारी परिस्थिती वर्षभर आधी तयार झाली होती.

वाघोटन

हे मला धाग्यात नेमकं मांडता आलं नसतं. एक तळ म्हणजे तळच नाही, तळांची ओळ लागते. कान्होजींना दहा किल्ले आणि सोळा ठाणी का हवी होती ते आता जास्त कळतं.

आडबाजू, तुमचंही अर्धं म्हणणं मी पदरात घेतो. तुळाजीने शेजाऱ्यांना दुखावलं नसतं तर ही दारं एकेक करून बंद झाली नसती.

आडबाजू

एवढं मान्य केलंत, पुरे. आणि तहाच्या कलमांबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. पुण्याला आरमार हवं होतं तर पाण्याचा हुकूम द्यायला नको होता, याला माझ्याकडे उत्तर नाही.

प्राजक्ता_र

१७५६ नंतर विजयदुर्गाचं काय झालं? तिथून आरमार पुन्हा उभं राहिलं का, आणि मग हुकूम कोणाचा होता? जमल्यास कोणी लिहा.

मोडीलिपी

उभं राहिलं. पेशव्यांच्या आरमाराचा मुख्य तळ विजयदुर्गच झाला आणि पुढे आनंदराव धुळप आरमाराचे सुभेदार झाले. धुळपांचा वाडा आजही विजयदुर्ग गावात आहे. या वेळी हुकमाचा प्रश्न कागदावर सुटलेला होता. किल्ला सरकारचा, आरमार सरकारचं, सुभेदार सरकारचा नोकर, खर्चाचा हिशोब पुण्याला. तुळाजीसारखा माणूस पुन्हा निपजू नये अशीच ती रचना.

तिची अडचण वेगळी होती, आणि ती ८ एप्रिल १७८३ ला दिसली. धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीजवळ मुंबईकर इंग्रजांचं 'रेंजर' जहाज गाठलं. त्यावर बिदनूरच्या फौजेकडे निघालेले बडे लष्करी अधिकारी होते. हातघाईची लढाई झाली. मेजर शॉ ठार, कर्नल हंबरस्टन जखमी होऊन पुढे दगावला, मॅक्लाउडही जखमी. जहाज धरून विजयदुर्गाला आणलं. आरमाराच्या दृष्टीने कान्होजींच्या वेळची आठवण यावी असं काम. पण तोवर इंग्रज-मराठे युद्ध थांबवणारा साल्बाईचा तह होऊन बसला होता, पेशव्यांकडून त्याला मंजुरीही मिळालेली होती. इंग्रजांनी पुण्याला तक्रार केली, आणि काही आठवड्यांनी कैद्यांना सोडून द्यावं लागलं.

पुण्याहून निघालेला जासूद घाट उतरून विजयदुर्गाला पोचायला किती दिवस लागतात, आणि तोवर आरमार समुद्रात असेल तर हुकूम कोणाच्या हाती द्यायचा, याचा विचार करून बघा. कान्होजी स्वतः किनाऱ्यावर होते. समुद्रात काय चाललंय ते बघून तिथल्या तिथे ठरवत होते, आणि तह करायचा की मोडायचा हेही पुष्कळदा तेच ठरवत होते. धुळपांना तो अधिकार नव्हता. त्यांनी लढाईचा वृत्तांत पुण्याला लिहून पाठवला, उत्तराची वाट बघितली, आणि हुकूम आल्यावर कैदी सोडले. तुळाजीच्या वेळी पुण्याचा हुकूम तळावर चालत नव्हता, धुळपांच्या वेळी तो चालत होता पण उशिरा पोचत होता. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला.

रेंजरच्या लढाईचे कागद स्वतंत्र धाग्याचा ऐवज आहेत. सवड झाली की लिहिते.

देवगडी

लिहाच. वाट बघतोय. आणि प्राजक्ताताई, विजयदुर्गाला आलात तर धुळपांचा वाडा, गिर्येची गोदी आणि रामेश्वर एका दिवसात होतात, फक्त आधी ओहोटीची वेळ बघून या.